कागदावर नाही, ते वर जात नाही

मंडळाच्या कार्यवाहांनी या वर्षीच्या व्याख्यानासाठी मला विचारले, तेव्हा त्यांना बहुधा गोड गोळ्यांबद्दल काहीतरी ऐकायचे होते. जवळजवळ चाळीस वर्षे होमिओपॅथी करणाऱ्या माणसाने कोर्टकचेरीवर बोलावे, हे थोडे विचित्रच. मी वकील नाही, आणि वकिलाची जागा घेण्याची माझी इच्छाही नाही. पण आमच्या घरचा एक दावा सोळा वर्षे चालला, तीन कोर्टांतून गेला आणि तिन्ही ठिकाणी आम्ही हरलो. हरण्याचे दुःख आता जुने झाले. आपण का हरलो, हे मात्र मला फार उशिरा कळले. आपल्यातल्या बहुतेक घरांना वाडा, दुकान, शेत, दत्तक किंवा मृत्युपत्र अशा कोणत्या तरी कारणाने कोर्टाची पायरी चढावी लागली आहे. म्हणून जे आम्हाला कोणी सांगितले नाही, ते आज तुम्हाला सांगावे असे ठरवले.

माझ्या आजोबांचे घर तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी होते. खानदेशातून व्यापारासाठी आलेल्या आपल्या चुलतभावाला त्यांनी मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. भाडे नाही, लिखापढी नाही. १९६१ साली त्या चुलत आजोबांनी एक पोस्टकार्ड पाठवले होते. खोल्या आम्ही तात्पुरत्या वापरतो आहोत, तुम्ही सांगाल तेव्हा मोकळ्या करून देऊ, अशा अर्थाच्या चार ओळी त्यात मराठीत होत्या. पुढे दोघेही गेले आणि खोल्यांत राहणारी पुढची पिढी त्या आपल्या वाटणीच्या आहेत असे म्हणू लागली. १९८३ साली माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दावा लावला. आमच्याकडे सांगण्यासारखा पुरावा एकच होता, ते पोस्टकार्ड.

१९९१ साली निकाल आमच्या विरुद्ध लागला. खोल्या परवानगीने दिल्या होत्या हे वादीला शाबीत करता आले नाही, असे त्यात लिहिले होते. पोस्टकार्डाचा उल्लेखही नव्हता. अण्णा म्हणाले, "साहेबांनी कार्ड वाचलंच नाही. अपिलात वाचतील." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. आमची खरी चूक त्या वाक्यात होती.

अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणे, अशी आपली समजूत असते. वरच्या कोर्टात आपण उभे राहू, सगळी हकीकत सांगू, आणि हे न्यायाधीश तरी ऐकतील असे वाटते. प्रत्यक्षात वरच्या कोर्टात पक्षकार बोलत नाही आणि साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टातून कागदांचा एक गठ्ठा येतो, तोच तिथे बोलतो. खालच्या न्यायाधीशांनी त्या गठ्ठ्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे की चूक, एवढेच तपासायचे असते. कायद्याची भाषाही तशीच आहे. फौजदारी अपिलात कोर्टाने आधी खालच्या कोर्टाचे दप्तर मागवायचे आणि ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा, असे जुन्या संहितेच्या कलम ३८५ व ३८६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४२६ व ४२७ मध्ये आले आहे. दिवाणी कामातही पहिल्या अपिलाचे कोर्ट असेच दप्तर मागवते.

माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. माझा एखादा रोगी दुसऱ्या गावी गेला आणि तिथल्या डॉक्टरांकडे माझा केसपेपर पोचला, तर त्यांना मी जे लिहिले तेवढेच दिसणार. रोग्याने मला काय सांगितले होते आणि माझ्या मनात काय होते, हे त्यांना कुठून कळणार? हानेमानने 'ऑर्गेनॉन'मध्ये रोग्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितले आहे, ते याचसाठी. फरक इतकाच, की दुसरा डॉक्टर रोग्याला समोर बसवून पुन्हा विचारू शकतो. अपिलाच्या कोर्टाला सहसा ती सोय नसते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मराठी माणसांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ताईमहाराज प्रकरण आपण लोकमान्यांच्या चरित्रात वाचतो, आणि सरकारने त्यांना छळण्यासाठी रचलेला डाव एवढेच लक्षात ठेवतो. ते प्रकरण मी दप्तराच्या बाजूने पुन्हा वाचले, तेव्हा मला वेगळे काही दिसले.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी मिळकतीची व्यवस्था पाहण्यासाठी जी माणसे नेमली, त्यांत टिळक होते. त्यांच्यावर स्वतःवर त्या वेळी राजद्रोहाचा खटला होता आणि ते नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबामहाराजांच्या मागे जन्मलेला मुलगा फार दिवस जगला नाही, तेव्हा दत्तक घेण्याचा प्रश्न आला. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, असे टिळकांच्या बाजूचे म्हणणे. बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराज यांनी ते नाकारले आणि कोल्हापूरकडच्या दुसऱ्या मुलाला दत्तक घेतले. इथून दोन वाटा फुटल्या, एक फौजदारी आणि एक दिवाणी.

फौजदारी वाटेवर टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप आला. ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. सेशन्स कोर्टाने ती ६ महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी वाट त्याहून लांब होती. दत्तविधान खरे की खोटे, या दाव्यात १९०६ साली पुण्याच्या कोर्टाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. १९१० साली मुंबई हायकोर्टाने तो फिरवला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. हायकोर्टाच्या निकालाने केवळ दत्तक गेला नाही. टिळक आणि त्यांच्या बाजूचे साक्षीदार शपथेवर खोटे बोलले, असा डाग त्यांच्यावर बसला. पुढे प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. २६ मार्च १९१५ रोजी तिथे हायकोर्टाचा निकाल रद्द झाला आणि पुण्याच्या कोर्टाचा निकाल कायम झाला. ते निकालपत्र लॉर्ड शॉ यांचे.

आता असा विचार करा. लंडनच्या त्या न्यायाधीशांनी ना औरंगाबाद पाहिले होते, ना ताईमहाराजांना, ना एकाही साक्षीदाराला. दत्तविधानाला १४ वर्षे होत आली होती. त्यांच्यासमोर होता तो छापलेल्या कागदांचा गठ्ठा. साक्षीदारांना खोटे ठरवण्यासाठी ज्या कागदांचा आधार घेतला होता, ते कागद साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना त्याच्यापुढे ठेवले गेले होते का, याचा शोध त्यांनी त्या गठ्ठ्यात घेतला. ते ठेवले गेले नव्हते. एखादा कागद साक्षीदाराविरुद्ध वापरायचा असेल, तर तो त्याला दाखवून खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे आणि माणसाची अब्रू पणाला लागलेली असताना तर हे न्यायाचे पहिले पाऊल आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. आज शंभरावर वर्षे झाली, तरी साक्षीदाराच्या उलटतपासणीबद्दल बोलताना आपल्याकडे या निकालाचा आधार घेतला जातो. पुरावा कायद्याचे कलम १४५ साक्षीदाराच्या आधीच्या लेखी विधानाबद्दल हेच सांगत होते, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १४८ म्हणून आले आहे.

यातून मी घेतलेला धडा असा. दप्तर पूर्ण होते म्हणून त्यात काय नाही, हेही दिसले. उलटतपासणी शब्दशः उतरलेली नसती, पाने गाळलेली असती, कोणता कागद कधी दाखल झाला याची नोंद नसती, तर साक्षीदाराला ते पत्र कधी दाखवलेच नाही, असे हजारो मैलांवरून कोण ठामपणे म्हणू शकले असते? टिळक स्वतः कायदा शिकलेले होते, या प्रकरणाचा कागद न कागद त्यांना माहीत होता. त्यांची अब्रू लंडनमध्ये परत मिळाली ती भाषणाने नव्हे, पुण्याच्या कोर्टातल्या लेखनिकांनी उतरलेल्या जबान्यांनी.

आता हा गठ्ठा म्हणजे नेमके काय, ते पाहू. दिवाणी दाव्यात सगळ्यांत आधी वादीचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत. त्यावरून न्यायाधीश मुद्दे काढतात. मग अर्ज आणि त्यांवरचे हुकूम, पुरशिसा, साक्षीदारांच्या जबान्या, दाखल केलेले दस्तऐवज, निकालपत्र आणि शेवटी हुकूमनामा. याखेरीज तारखेगणिक काय झाले याची नोंद असते. महाराष्ट्रात तिला रोजनामा म्हणतात, आपल्याकडे गुजरातेत रोजकाम. वकील कोणत्या तारखेला हजर होते, साक्षीदार आला होता की नाही, मुदत कोणी मागितली, हे सगळे त्यात सापडते. "आम्हाला साक्ष देण्याची संधीच मिळाली नाही" अशी तक्रार अपिलात करायची असेल, तर रोजकाम ही पहिली जागा.

दस्तऐवजांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे आणि तिथेच आमची नाव बुडाली. कागद कोर्टात देणे वेगळे आणि तो पुराव्यात येणे वेगळे. आपण यादीसोबत कागद दाखल करतो, तेव्हा त्या यादीला क्रमांक मिळतो आणि तिच्यातल्या कागदांना नुसता मार्क मिळतो. यादी चौथी असेल आणि कागद सातवा असेल तर मार्क ४/७. याचा अर्थ कागद कोर्टाच्या ताब्यात आहे, एवढाच. पुढे कोणीतरी साक्षीत तो शाबीत करावा लागतो. अक्षर कोणाचे, सही कोणाची, हे शपथेवर सांगावे लागते किंवा समोरच्याने ते मान्य करावे लागते. मग न्यायाधीश त्याला स्वतःची निशाणी देतात. गुजराती कामात तिला आंक म्हणतात. निशाणी पडली की कागद दप्तराचा भाग होतो. जो कागद पुराव्यात घेतला गेला नाही, तो दप्तराचा भाग नाही आणि तो ज्याचा त्याला परत द्यावा, असे दिवाणी संहितेत स्पष्ट लिहिले आहे.

आमचे पोस्टकार्ड मार्क ४/७ होते. ते शेवटपर्यंत मार्क ४/७ च राहिले.

हे मला १९९२ साली कळले. पहिल्या अपिलासाठी नेमलेल्या नव्या वकिलांनी सगळ्या दप्तराच्या नकला काढायला लावल्या. तोवर आमच्या घरात निकालाखेरीज एकही नक्कल नव्हती. रात्री दवाखाना बंद केल्यावर मी अण्णांची १९८८ सालची जबानी वाचायला बसलो. गुजरातीत टाइप केलेली नऊ पाने होती. खोल्या किती, दार कोणत्या बाजूला, पावसाळ्यात कौले कोणी शाकारली, हे सगळे होते. पोस्टकार्डाबद्दल एक अक्षर नव्हते. मी अण्णांना विचारले. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं की. कार्ड हातात धरून सांगितलं, हे काकांचं अक्षर." त्यांनी खरेच सांगितले होते का, सांगितले पण उतरले नाही, की सांगायचे ठरवले होते आणि प्रश्नच आला नाही, हे आता कोणालाच कळणार नाही. जबानीच्या शेवटी, वाचून पाहिली, बरोबर आहे, या शेऱ्याखाली त्यांची सही होती. संध्याकाळ झाली होती, कोर्ट उठायच्या बेतात होते, आणि साहेबांना ताटकळत ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी न वाचता सही केली होती.

जबानी कशी उतरते, हे ज्याने पाहिले नाही त्याला हे कळायचे नाही. साधारणपणे प्रश्नोत्तरे जशीच्या तशी लिहिली जात नाहीत. वकील विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, आणि न्यायाधीश त्याचे सलग कथन करून टंकलेखकाला सांगतात. उलटतपासणीत "असे म्हणणे खरे नाही" हे वाक्य पुन्हापुन्हा येते, ते त्यामुळेच. प्रश्न पुसला जातो आणि उत्तर उरते. म्हणून एखाद्या प्रश्नाला वकिलांनी हरकत घेतली आणि कोर्टाने तो तरी विचारू दिला, तर प्रश्न, उत्तर, हरकत आणि ती घेणाऱ्याचे नाव हे सगळे लिहावे असा नियम आहे. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याबद्दल काही महत्त्वाचे वाटले तर न्यायाधीश तेही टिपून ठेवू शकतात. वरच्या कोर्टाला साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही, म्हणून या तरतुदी. साक्षीदाराला न समजणाऱ्या भाषेत जबानी उतरली असेल, तर ती त्याला समजेल अशी सांगावी, हाही नियमच आहे. तो हक्क वापरणे आपल्या हातात असते.

भाषेचा हा प्रश्न आपल्या सुरतेच्या मराठी घरांना जास्तच लागतो. १ मे १९६० पूर्वी सुरत मुंबई राज्यात होती आणि इथली अपिले मुंबई हायकोर्टात जात. त्यानंतर ती अहमदाबादला जाऊ लागली. खालच्या कोर्टाचे काम गुजरातीत आणि हायकोर्टाचे इंग्रजीत. आपली जुनी पत्रे, वाटण्या, जमाखर्चाच्या वह्या मराठीत, काही घरांत तर मोडीत. म्हणजे आजोबांचे एक वाक्य अहमदाबादला पोचेपर्यंत दोनदा भाषा बदलते. मूळ कागदासोबत भाषांतर दाखल झाले नाही, तर पुष्कळदा तो कागद वाचलाच जात नाही. झाले, तर भाषांतर बरोबर आहे का हे पाहणे आपले काम. 'वापरायला दिली' आणि 'देऊन टाकली' यांतला फरक घरात सगळ्यांना कळतो. भाषांतरात तो हरवला, तर त्याच्यासोबत घरही हरवू शकते.

मग अपिलात पोस्टकार्ड पुढे करता आले नाही का, असे तुम्ही विचाराल. आमच्या नव्या वकिलांनी तोच प्रयत्न केला. अपिलात नवा पुरावा घेण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, पण ती अरुंद आहे. खालच्या कोर्टाने घ्यायला हवा होता तो पुरावा नाकारला असेल, योग्य खटपट करूनही तो त्या वेळी हाती लागला नसेल, किंवा निकाल देण्यासाठी अपिलाच्या कोर्टालाच तो हवा असेल, तरच ती उघडते. आमचे कार्ड पहिल्या दिवसापासून आमच्याच हातात होते. कोर्टाने विचारले, पाच वर्षे साक्षीपुरावा चालू असताना तुम्ही काय करत होता? याला उत्तर नव्हते. १९९७ साली अपील फेटाळले गेले. पुढे हायकोर्टात दुसरे अपील केले, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच प्रवेश मिळतो, हकीकतीचा वाद सहसा पहिल्या अपिलातच संपतो. १९९९ साली तेही दार बंद झाले. कोर्टांनी आमच्यावर अन्याय केला असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे जे होते त्यावरून त्यांनी निकाल दिला. न्यायाला लागणारी गोष्ट त्यांच्यापुढे पोचलीच नव्हती.

कधीकधी पक्षकाराची काही चूक नसते आणि दप्तरच नाहीसे होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. उत्तर प्रदेशातल्या रेल्वेच्या एका अधिकाऱ्याला लाचेच्या आरोपाखाली १९९९ साली शिक्षा झाली होती. त्याचे अपील हायकोर्टात पडून राहिले आणि मध्यंतरी खालच्या कोर्टाचे दप्तर गहाळ झाले. जे काही कागद पुन्हा गोळा करता आले, ते अपुरे होते. तरीही हायकोर्टाने शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुरावा वाचल्याशिवाय अपिलाचा निर्णय होऊ शकत नाही, आणि इतक्या वर्षांनी फेरसुनावणी करण्यातही अर्थ नाही, असा त्या निकालाचा रोख. म्हणजे आरोपीला दप्तराच्या आधारे आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे, हे देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने मानले. पण त्या माणसाला त्यासाठी २४ वर्षे थांबावे लागले. शिवाय दप्तर हरवले म्हणजे आरोपी सुटतोच, असेही नाही. दोन्ही बाजूंकडून, पोलिसांकडून, वकिलांकडून नकला गोळा करून ते पुन्हा उभारण्याचा प्रयत्न आधी होतो. अशा वेळी आपल्या कपाटातली नक्कल कोर्टाच्याही उपयोगाला येते.

कागद किती सहज जातात, हे सुरतकरांना मी काय सांगावे? ऑगस्ट २००६ च्या पुरात तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. माझ्या दवाखान्यातले वीस वर्षांचे केसपेपर मी गच्चीवर वाळत घातले होते. शाई उतरून पाने कोरी झाली होती. तेव्हापासून घरच्या महत्त्वाच्या कागदांचा एक संच मी वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या गावी ठेवतो.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, जबानी वाचल्याशिवाय सही करू नका. वाचताना उशीर झाला तर होऊ द्या. चूक दिसली तर तिथेच, नम्रपणे, न्यायाधीशांच्या कानावर घाला. घरी येऊन केलेली दुरुस्ती दप्तरात जात नाही.

दुसरी, साक्षीपुरावा संपण्याच्या आधी वकिलांना एकच प्रश्न विचारा, की आपल्या कागदांपैकी कोणत्या कोणत्या कागदांवर निशाणी पडली? यादी समोर ठेवून एकेका कागदावर बोट ठेवून विचारा. वकिलांना राग येत नाही. आला तर तोही सोसण्यासारखा आहे.

तिसरी, निकाल लागल्या दिवशीच प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा कोर्टात अपील करायला ३० दिवस आणि हायकोर्टात ९० दिवस असतात. फौजदारी शिक्षेवर सेशन्स कोर्टात ३० दिवस आणि हायकोर्टात ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर हायकोर्टातही ३० च. नक्कल तयार होण्यात लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज करण्यात आपण काढलेला वेळ आपल्याच खात्यावर पडतो. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची नक्कल ताबडतोब आणि फुकट मिळण्याचा हक्क आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते.

चौथी, नुसत्या निकालाची नक्कल घेऊन थांबू नका. दावा, कैफियत, मुद्दे, सगळ्या जबान्या, निशाणी पडलेले दस्तऐवज, रोजकाम, मधले हुकूम, हे सगळे घ्या. हल्ली निकाल आणि हुकूम मोबाइलवर दिसतात, त्यामुळे सगळे आपल्या हातात आहे असे वाटते. जबान्या आणि दस्तऐवज तिथे सहसा नसतात. झेरॉक्सही चालणार नाही, शिक्का आणि सही असलेली प्रमाणित प्रत हवी. आमच्या जैन भांडारांतल्या पोथ्यांच्या शेवटी नकलनवीस लिहून ठेवतो, की समोरच्या पोथीत जसे होते तसेच उतरवले. कोर्टाच्या नकलेवरचा शिक्काही तेच सांगतो. आणि नकला हाती आल्या की पाने मोजा. आमच्या पहिल्या संचात एका जबानीचे पाचवे पान नव्हते.

अण्णा २००१ साली गेले. त्या आधी एक दिवस आमच्या वकिलांचा कारकून एक पाकीट घेऊन आला. कोर्टाकडून परत मिळालेले कागद त्यात होते. ज्यांवर निशाणी पडली नव्हती, ते. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात कोणीतरी निळ्या पेन्सिलीने ४/७ लिहिले होते. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिले, पत्त्याच्या बाजूचा शिक्का वाचला आणि म्हणाले, "बघ, कोर्टानं कार्ड जपून ठेवलं होतं."

मी काही बोललो नाही. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.